तिकिटामागे लिहिलेलं

सेलूच्या नाट्यगृहात मागच्या भिंतीला टेकून
माझं टेबल असतं. मुनीर साउंड, मानवत रोड.
अब्बांचा कर्णा उरुसात वाजला, लग्नांत वाजला,
सप्ताहातही वाजला,
पण त्यानं कधी कुणाचा सूर सुधारला नाही.
होता तसा गावभर वाटला.

यंदा मंडळाच्या अध्यक्षांनी पुतण्याकडून
एक यंत्र मागवलं, जेवणाच्या डब्याएवढं.
म्हणाले, अच्युतरावांचं वय झालंय,
वरचा सा आता लागंना.
ह्यातून काढला की सरळ येतो,
कुणाच्या बापाला कळायचं नाही.

अच्युतराव पेडगावकर. पाथरी डेपोत
एकतीस वर्षं कंडक्टर.
डबल बेल मारता मारता पदं घोकलेला माणूस.
धूळ, डिझेल, पुढं सरका, पुढं सरका:
त्यात तो गळा झिजला
की त्यातच तयार झाला, मला सांगता येत नाही.

तालमीला पट्टी लावली, काळी एक.
दरबारीतला गंधार त्यांनी झुलवला
आणि डब्यानं तो झोका धरून
त्याच्यावर इस्त्री फिरवली.
हलतं ते चुकतं, एवढंच त्याला शिकवलेलं.

ऑर्गनवर बिडवेअप्पा. वाटलं, चिडतील.
ते चष्मा पुसत म्हणाले,
"माझी पेटी तरी कुठं इथल्या मातीची?
जहाजातून आली. तिलाही मींड येत नाही.
तिलाही लोकांनी नावं ठेवली असतील.
फक्त एक आहे, मुनीर,
ती माणसाच्या शेजारी बसून वाजते.
घशात शिरत नाही."

प्रयोगाच्या रात्री पहिला अंक
तुपासारखा गेला. वन्स मोअर आला.
मध्यंतरात कॉलरमाईकचा सेल बदलायला गेलो
तर अच्युतराव, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखे,
हळूच म्हणाले, "चांगलं झालं ना पद?"
कुणी गायलं, ते विचारलं नाही.

दुसऱ्या अंकात मीच चुकलो.
पद संपलं, बटण दाबायचं राहिलं.
राजा सेवकाला म्हणाला, "दिवा मालव,"
आणि 'मालव' थेट पंचमावर जाऊन बसला.
मागची पोरं फिसकली.
राजाला खोकला आला.
खोकलाही सुरात आला.

सगळं सभागृह हसलं. मीही हसलो असतो,
पण त्यांनी मान वळवून
तीनशे डोक्यांवरून माझ्याकडं पाहिलं,
बिनतिकिटाचा पॅसेंजर सापडल्यावर पाहतात तसं:
राग नाही. नुसती थांबलेली गाडी.

मी डबा बंद केला.

शेवटच्या पदात सा लागला नाही.
किती कमी पडला? ज्वारीच्या कुसाएवढा.
बिडवेअप्पांनी भात्यावरचा पाय हलका केला,
पेटी मागं सरली,
आणि ती फट सगळ्यांसमोर तशीच उघडी राहिली.
टाळ्या पहिल्यापेक्षा कमी. खोटं कशाला सांगू.
तिसऱ्या रांगेत एका बाईनं मात्र
तोंडाला पदर लावला होता.
रडत होती की जांभई देत होती,
इतक्या लांबून दिसलं नाही.

रंग पुसता पुसता ते म्हणाले,
"गर्दीच्या फेरीला सुटे नसले की
मी तिकिटामागं आकडा लिहून द्यायचो.
उतरताना लोक मागून घ्यायचे.
काहीजण विसरले,
ते रुपये अजून माझ्या डोक्यात खुळखुळतात.
आजचा सा पण लिहून ठेव कुठंतरी.
देणं आहे. फिटलं म्हणू नकोस."

डबा माझ्या ट्रंकेत आहे, फडक्यात गुंडाळून.
रविवारी परभणीला प्रयोग.
ताडकळसच्या शाळेतल्या उज्ज्वलाबाईंचा फोन आला:
पन्नास पोरांवर ओरडून आवाज बसलाय,
राणीची दोन पदं आहेत, काही होतंय का बघा.

मी हो म्हणालो.
कामून नाही म्हणायचं? तिचा घसा काय मी बसवला?
सेल चार्जिंगला लावलेत.
बोटाचं मात्र अजून काही ठरलेलं नाही.