कोड नऊ

शाळा का सोडली? या प्रश्नाला
आम्ही आठ उत्तरं आधीच ठरवली होती.
लग्न, धाकटं भावंड, फी, अंतर, आजारपण,
रस नाही, नापास, घरकाम.
नववं : इतर. त्यापुढे बारीक रेघ,
दोन शब्द मावतील एवढी.

पर्वतीच्या मागचा उतार, एकोणीसशे ब्याऐंशी.
यल्लूबाई धोत्रे, वय तेरा,
हंडा कमरेवर तसाच ठेवून म्हणाली,
"नळ साडेदहाला येतो. शाळा पण."
मी रेघेवर 'पाणी' लिहिलं, चौकटीत नऊ.
दहा मिनिटांत टेकडी उतरून घरी, सहकारनगरात,
चहा टाकला.

त्या नऊवर माझं सगळं झालं.
पीएच.डी., विभागप्रमुखाची खुर्ची, मग लुसाका, ढाका, डाकार,
कस्टमवाल्याला उघडून दाखवलेला मेतकुटाचा डबा.
लुसाकात एक बाई हातवारे करत बराच वेळ बोलली,
दुभाष्या म्हणाला, "वॉटर."
जिनिव्हात स्लाइड चौदा : मुली आणि पाणी.
कुणीतरी विचारलं, हे मोठ्या प्रमाणावर कसं राबवणार?
मी उत्तर दिलं. चांगलं दिलं.
'गळती' हा शब्द तर किती सहज यायचा तोंडात,
जणू मुली म्हणजे वॉशर झिजलेला नळ.

निवृत्त होऊन त्याच सोसायटीत परतले.
पहाटे पाचला गच्चीवरची टाकी भरते,
तिच्या आवाजानं जाग येते.
परवा फिरायला निघाले तर कोपऱ्यावर
सदोबा कुंभारकर लांब लोखंडी चावी
रस्त्यातल्या झाकणात घालून फिरवत होता.
विचारलं, वर वस्तीला कधी सोडता?
(प्रश्नावलीशिवाय घेतलेली माझी पहिली मुलाखत.)
"साडेदहाला. तुमचं भरल्याशिवाय
वर प्रेशर चढत नाही, मॅडम. पहिल्यापासून असंच."
पहिल्यापासून म्हणजे?
"वडील होते की माझे, ह्याच चावीवर."

मी थँक्यू म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

माळ्यावर ते फॉर्म आहेत अजून, सुतळीत.
धोत्रेचा सापडेपर्यंत दुपार झाली.
शाई तपकिरी पडलीय. अक्षर माझंच,
गोल, कसलीही शंका नसलेलं :
पाणी.
त्याच्या अलीकडे
एका शब्दाची जागा मोकळी.