तेलाचा दाब

मिरकरवाड्याच्या जेटीमागे, बर्फाच्या कारखान्याला लागून
इस्माईलचाचांचं शेड.
ट्रॉलरांची डिझेल इंजिनं पोटं उघडून पडलेली,
आणि मधोमध, ताडपत्रीवर,
दातारांच्या लाल स्पोर्ट्स गाडीचं इंजिन,
अठ्ठावन्न सालचं.

"वीस घोडे वाढवा," दातार म्हणाले.
चाचांनी विडी कानामागे सरकवली.
"आधी आहेत ते घरी परत आणूया."

मग दोन महिने आम्ही वाढवलं असं काहीच नाही.
क्रँक कोल्हापुरातून तोलून आणला.
कनेक्टिंग रॉड सोनाराच्या काट्यावर लावले,
जड होता तो घासला, अर्ध्या ग्रॅमपर्यंत.
तेलाच्या संपमध्ये पत्र्याचे आडवे पडदे, ते मी जोडले.
"वळणावर तेल एका कुशीला पळतं,
लाटेवर पळतं तसंच.
पंप हवा पितो, बेअरिंग कोरडं.
गाडी निदान रस्त्यावर तरी थांबते."

त्यांचा भाऊ जयगडच्या बाहेर
बंद इंजिनावर दोन रात्री होता,
हे मला आईकडून ठाऊक.
चाचा बोलले नाहीत.
बोल्टाच्या डोक्यांतून तार ओवत राहिले,
जाळं सांधतात तशी, गाठ आतल्या बाजूला.

फेब्रुवारीत कोइमतूरहून फोन आला.
नऊ गाड्या वाटेत बसल्या,
दातार चौथे.
मागे कुणीतरी शिट्ट्या मारत होतं.

"शेवटच्या वळणावर," चाचांनी विचारलं,
"तेलाचा दाब किती होता?"

"तेवढं बघायचं राहूनच गेलं हो."

चाचांनी फोन माझ्या हातात दिला
आणि पाना शोधू लागले.