ओपल

कन्नमवार नगर, सोसायटीचा हॉल.
पाळण्यामागे फुगे, इंग्रजी अक्षरांचे, चार.
एल सारखा मान टाकतो,
निहार त्याला सेलोटेपने उभा करतो.

"आत्या तुम्ही, नाव तुम्हीच ठेवायचं," शर्वाणी म्हणाली.
म्हणजे ठेवलंय त्यांनी,
मी फक्त कानात सांगायचं.
"परदेशातही म्हणता येतं, ताई,
आणि वर्गात दुसरी कुणी नसणार."

सीप्झमध्ये सव्वीस वर्षं खडे निवडले मी.
ओपल ओळखते.
नुसतं साय धरलेलं दूध,
तिरका धरला की आत कुठूनतरी हिरवं, मग लाल.
पोटात पाणी असतं त्याच्या.
फार सुकला की तडकतो,
म्हणून आम्ही ओल्या कापसात ठेवायचो,
तापातल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवतात तसं.

काल कोश काढला.
मूळ शब्द आपलाच, म्हणतात. उपल.
गलबतात बसून गेला, तिकडचा झाला,
टोपी घालून परत आला.
उपल म्हणजे गोटा. गार.
दगड.
चष्मा काढून बसून राहिले जरा वेळ.

आमचे दादा धोंडू.
आधीची तीन गेली, एक तर पाचवीच्याही आत,
म्हणून ह्यांना सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं,
शेजारणीला मूठभर कण्या देऊन परत विकत घेतलं
आणि धोंडू म्हटलं,
नेणाऱ्याला वाटावं, दगड आहे, राहू दे.
राहिले. एकोणऐंशी वर्षं.
बेस्टचे मीटर वाचले परळभर वाकून वाकून.
सही मात्र डी. के.
माझ्या लग्नपत्रिकेतसुद्धा डी. के.

शर्वाणीची दोन, हिच्या आधीची.
कुणी विषय काढत नाही.

गोविंद घ्या, गोपाळ घ्या.
पाठीत धपाटे बसतायत, बायका हसतायत,
मी पाळण्यात वाकलेली.
कुर्रर्र... ओपल,
मोठ्याने, व्हिडिओत यावं म्हणून.
मग कानाला ओठ लावून दुसरं:
धोंडे, राहा गं.

"अजून काय सांगितलंत, ताई?"
काही नाही, म्हटलं. अर्थ सांगितला.

निहार, तो एल बघ.
पुन्हा वाकलाय.