बत्तीसवरून सोळावर

पोतनीसबाईंची भट्टी महूहून आली होती,
बदली झालेल्या कुणा मेजरच्या घरातून,
टेम्पोत आडवी घालून, एकोणऐंशी साली.
तिच्यासाठी मीटरपासून वेगळी तार ओढली, जाडजूड,
आणि तोंडाशी चिनी मातीचा कटआउट बसवला,
बत्तीस ॲम्पिअरचा.

त्या भट्टीवर रामबागेतल्या मुली
नानकटाई शिकल्या. मग त्यांच्या मुली.
परवा भंगारवाला घेऊन गेला. अडतीस किलो.
"भाव बरा दिला," बाई म्हणाल्या,
आणि भिंतीवरच्या चौकोनी काळ्या डागाकडे
पाहत राहिल्या.

आता मिक्सर आहे, मायक्रोवेव्ह आहे, किटली,
शिवाय भाच्याने दिलेलं पोळ्यांचं यंत्र,
जे अजून खोक्यातच आहे.
सगळं एका पांढऱ्या एक्स्टेंशनवर लोंबतंय
साखरेच्या डब्यामागून.
त्याचं एक भोक वितळलंय,
जांभई देता देता थांबल्यासारखं.

भाचा म्हणाला, "भिया, तार तर आहेच ना,
चार प्लग ठोका आणि सुट्टी."
मी स्टूल मागितलं.

उस्ताद मुनीर सांगायचे,
अंधारावर कधी विश्वास ठेवू नकोस.
कटआउट काढ, स्वतःच्या खिशात ठेव,
घरात माणसं असतात, हात असतात.
मग टेस्टचा बल्ब आधी बैठकीतल्या चालू प्लगला लाव :
पेटला पाहिजे.
मग इथे : विझलेला पाहिजे.
मग पुन्हा तिकडे जा : पुन्हा पेटला पाहिजे.
नाहीतर तुला कसं कळणार,
वीज मेली की बल्ब?

तिन्ही वेळा बघितलं.
मग झाकण काढलं.

तांबं अजून लाल होतं, नव्या पैशासारखं.
टोकाचं रबर मात्र
बोट लागताच भुगा झालं.
आणि हिरवी तार,
अर्थिंगची,
मागे दुमडून गिलाव्यात दाबून टाकलेली.
कशालाच जोडलेली नव्हती.
एकोणऐंशीपासून.

बाईंना सांगितलं.
त्यांनी आधी पदराला हात पुसले, कोरडे होते तरी.
"कधीकधी झिणझिण्या यायच्या," म्हणाल्या,
"मुली ओरडायच्या. मी म्हणायचे,
अंग चोरू नका, थंडी आहे."

दुपार गेली त्यात.
अंगणातला अर्थिंगचा खड्डा उकरला,
मीठ-कोळसा घातला, दोन बादल्या पाणी,
नवी हिरवी तार आत घेतली.
जाड तार चाळीस वर्षं काही बोलली नव्हती,
ती मीटरने तपासली, ठेवली.
प्लग चार, सोळा-सोळाचे,
ओट्यापासून वर, नळापासून लांब.

आणि कटआउटच्या जागी
सोळाचा ब्रेकर.
भाचा म्हणाला, "तार बत्तीस सोसते ना?"
सोसते. प्लग नाही सोसत.
आधी प्लग जळेल,
आणि बत्तीसचा पहारेकरी दारातून विचारेल,
काय झालं? मला तर काहीच दिसत नाही.

"म्हणजे हिशेब
ज्याला सोसवतं त्याचा नाही," बाई म्हणाल्या.
"नाही बाई, ज्याला सोसवत नाही त्याचा."
बाई हसल्या.
"हे माझ्या सासूबाईंना
कुणी वायरमनने सांगायला हवं होतं."

शेजारी दुसरं यंत्र लावलं,
वीज वाट चुकून माणसात शिरली तर तोडणारं.
त्याचं छोटं बटण दाबलं. टक.
"गेली!" भाचा ओरडला.
गेली नाही, मी म्हणालो, जायला शिकली.
महिन्यातून एकदा दाबत जा.

बाईंनी किटली लावली.
पहिला चहा त्यांनी मलाच दिला, आणि आपण
नव्या पांढऱ्या प्लगवर तळवा ठेवून उभ्या राहिल्या,
ताप आलाय का बघतात तसा.

पैसे घेऊन निघालो.
महाराणी रोडवर दुकानात सुटे मोजताना
खिशात हात घातला, तर तो तिथेच,
बत्तीसचा कटआउट,
अंगाच्या उबेने कोमट झालेला.