एका फाइलपुरतं

सोहार बंदरामागं, सात नंबरच्या गोदामातून
रोज सकाळी सव्वासहाला
याकूबचाचा बुरोंडकरचा फोन येतो :
"ये रे बाबा, तुझा हात लाव."

मी जातो. दोनशे पावलं, एवढ्यात ऊन मानगुटीवर.
चाचा आयकॉनवर दोनदा टिचकी मारतो,
पडदा काळवंडतो, मधोमध निळी-पिवळी ढाल :
ह्या प्रोग्रॅमला यंत्रात बदल करू द्यायचे का?
होय म्हणायला माझा पासवर्ड लागतो.
मी तो टाकत असतो तेव्हा चाचा तोंड फिरवतो,
व्हॉल्व्ह कंपनीच्या कॅलेंडरकडं बघत राहतो,
शेजाऱ्याच्या ताटात बघू नये, तसा.

मग नट, बोल्ट, गास्केट, सहा इंची फ्लँज
एकेक करून पडद्यावर उतरतात.
मग कागदी पेल्यातला करक,
आणि काल हर्णैला सुरमई काय भावानं गेली, ते.

एकदा म्हटलं, चाचा, चिठ्ठीवर लिहून देतो पासवर्ड.
"नको. तुझी किल्ली तुझ्याकडं.
उद्या काही हललं तर बोट माझ्यावर यायचं.
सव्वीस वर्षं झाली,
एक वॉशर इकडचा तिकडं नाही."

तीनशे चाळीस यंत्रांची दारं माझ्या दहा बोटांत.
कुणाचीही टपालपेटी उघडू शकतो,
कुणालाही बाहेर उभं करू शकतो.
माझं स्वतःचं रेसिडेंट कार्ड गुरुवारी संपतंय,
फाइल बदरसाहेबांच्या टेबलावर, खालून तिसरी.
तिथं माझा हात पोचत नाही.

मस्कतहून ऑडिटवाले आले.
गोदामातला प्रोग्रॅम ॲडमिन म्हणून का चालतो, म्हणाले.
मी म्हटलं, तसाच चालतो.
तो लिहिला कुणा हिशामनं, वीस वर्षांपूर्वी.
हिशाम कधीच अलेक्झांड्रियाला परत गेला,
कारण बरोबर घेऊन गेला.

तेव्हा एका शुक्रवारी, गोदाम बंद, एसी बंद,
बनियनवर बसून त्याच्यावर पाळत ठेवली :
कुठं जातो, काय उघडतो, कुठं अडखळतो.
हजारो ओळी सरकत गेल्या.
त्यांत एकच : प्रवेश नाकारला.
विंडोजच्या पोटातल्या फोल्डरात
त्याला एक फाइल लिहायची होती.
एक. चार केबीची.
शेवटच्या पावतीचा नंबर, विसरू नये म्हणून.

एवढ्यासाठी अख्ख्या घराचा ताबा मागत होता, रोज,
आणि आम्ही रोज देत होतो.
त्याला हवा होता एक कोनाडा.
मी दिला. पाच मिनिटं लागली.
घाम मात्र बराच वेळ टिपत बसलो.

रविवारी चाचानं टिचकी मारली.
पडदा काळवंडला नाही. ढाल आली नाही.
नट, बोल्ट, गास्केट, थेट.
"झालं?"
"झालं. आता माझी गरज नाही."
"बरं केलंस," चाचा म्हणाला,
आणि कॅलेंडरकडं बघत राहिला,
तिकडं बघायचं काही कारण उरलं नसताना.

सोमवारी फोन नाही. मंगळवारी नाही.
सर्व्हरच्या खोलीत मशीनचा चहा प्यायलो,
नुसता गोड.

बुधवारी, सव्वासहाला :
"चालत नाही रे."

धावत गेलो. प्रोग्रॅम उघडाच होता,
साठा बिनचूक, कर्सर लुकलुकत,
शेवटच्या पावतीचा नंबरसुद्धा जागच्या जागी.
मेजावर दोन करक,
एकावर पावतीपुस्तक झाकलेलं.

खुर्ची ओढली. काय चालत नाही, विचारलं नाही.
परतल्यावर तक्रारवहीत नोंद केली :
गोदाम सात. दोष सापडला नाही.
उद्या पुन्हा बघावं लागेल.