दुभाषी

खानापूर, तालुका पंचायतीच्या मागचा हॉल.
चोवीस सिद्दी बायका, तीन दिवस,
पंखे पाच, फिरणारे दोन.
माझं काम कन्नड ऐकायचं आणि मराठी बोलायचं.
दिवसाला चारशे. चहा त्यांचा.

पहिल्याच तासाला हिरेमठ मॅडमनी
फळ्याचे दोन भाग केले:
डावीकडे लाभ, उजवीकडे नष्ट.
लाभ होता तसाच ठेवला. पण नष्ट?
कन्नडात तो नुसता तोटा,
माणूस दुसऱ्या दिवशी उठून दुकान उघडतो.
आपल्याकडे नष्ट म्हणजे काही उरलंच नाही.
मी म्हणाले, "तोटा."
बायका हसल्या, कुणास ठाऊक का.

नोंदवहीच्या मराठी रकान्यात
कारकुनानं मालाचं नाव घातलं: कवडी.
कवंदी हो, म्हटलं. कौदी लिहा हवं तर.
त्यानं अनुस्वार दिला. ड तसाच राहिला.

दुसरा दिवस खर्चाचा.
कापड किती रुपयांचं?
जुनं. म्हणजे शून्य, मॅडम म्हणाल्या.
म्हणजे शून्य, मी म्हणाले.
लुझिया बस्त्याव पुढ्यातली घडी उलगडत गेली:
ही थोरल्या जावेची चोळी,
हा पोलिसाचा शर्ट, बाजारात किलोवर मिळाला,
हे शाळेचं निळं,
गणवेश बदलला त्या वर्षीचं.
शून्याला इतके रंग असतात
हे मला कन्नडात सांगता येईना.
मी म्हणाले, "कापड धुवायला साबण लागतो."
फळ्यावर साबण आला. बारा रुपये.

दोरा, चाळीस. सुया मोडतात, लिहा दहा.
आणि वेळ?
बराच वेळ कुणी बोललं नाही.
पुतळी म्हणाली, गुरं आली की ठेवते,
पोरं निजली की घेते.
मोतीबी म्हणाली, कडेला सुरू करतो,
कडेकडेनं फिरत आत येतो,
मधे पोचलो की संपली.
त्याला वेळ म्हणायचं तर म्हणा.
मॅडमनी अंदाजानं नव्वद तास धरले.

मग कोपऱ्यांवर बोट ठेवलं.
चारी टोकांना ही फुलं कशाला?
पाच तास जातात. गिऱ्हाईक बघतही नाही.
मी ते मराठीत आणायच्या आधीच
लुझियानं कवंदी मांडीवर ओढून घेतली,
न्हाणीतल्या पोरीवर कुणी पडदा ओढावा तशी.
"फुलांबगर ती उघडी ऱ्हाते.
सांग तिला. नीट सांग."
सांगितलं. बहुधा नीट नाही.

तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं, केळी, फोटो.
मॅडमच्या भाचीचं बारसं तोंडावर आलेलं.
एक लहानशी हिरवी कवंदी त्यांनी उचलली,
कोपरे चाचपले,
फुलं बघितली, एकेक करून चारी.
चिठ्ठीवर सोळाशे साठ.
"साविरक्के कोडु," म्हणाल्या. हजाराला दे.
मी तोंड उघडलं.

"आगल्ला मेडम," लुझिया म्हणाली,
आणि पुढे हल्याळकडच्या स्वच्छ कन्नडात
साबण, दोरा, सुया, तास,
त्यांच्याच फळ्याच्या क्रमानं,
आणि शेवटी, "नष्ट आगुत्ते."
नष्ट तिनं त्यांच्या अर्थानं म्हटलं की आपल्या,
तीस वर्षं दोन्ही भाषा शिकवून
मला काही कळलं नाही.

मॅडमनी सोळाशे मोजले.
वरचे साठ सुटे नव्हते, माझ्याकडून घेतले.

स्टँडवर तिला गाठलं.
कन्नड येतं तर तीन दिवस
माझ्या तोंडाकडे काय बघत होतीस?
"दोनदा ऐकलं की हिशेब पक्का बसतो."
केळ्याचं साल तिनं पिशवीत टाकलं, शेळीला.
"आणि तुझे बाराशे बुडाले असते की गं."

लोंढ्याची गाडी लागली. ती चढली.
बेळगावच्या गाडीला अवकाश होता.
मी पाकीट काढून मोजले:
अकराशे चाळीस.
साठ येणे.