चौकट

निझव्याच्या किल्ल्यामागे, खंजीरवाल्यांच्या गल्लीत
कपाटाएवढं दुकान माझं.
हमूद बिन खलफान येतो, पंचाहत्तरी ओलांडलेला,
तान्हं पोर आणावं तशी शालीत बंदूक घेऊन.

कडी खाली ओढली की काडतूस वर,
कडी मिटली की दार बंद.
आजोबांनी सूरच्या बंदरात घेतलेली,
चार उंटांचे खजूर मोजून.
आता कडीच्या खिळीपाशी चौकटीला तडा.

"सोनं आहे हिच्यात," तो म्हणतो.

मी नखाने टिचकी मारतो.
पोलाद दातांतून बोलतं, पितळ नाकात.
ही सावकाश बोलते, खालच्या पट्टीत,
आणि तड्यापाशी येऊन घोगरी होते.
तांबं. थोडं कथील. चिमूटभर जस्त.

इस्लामपुरात आबा घंटा ओतायचे.
मूस लाल झाली की जस्त पांढरं होऊन उडायचं,
कौलांना कापसासारखं चिकटायचं.
रात्री त्यांना हुडहुडी,
उशाशी आई, दुधाचा तांब्या.
कथील जास्त तर घंटा गाते आणि फुटते,
कमी तर मुकी, पण टिकते, म्हणायचे.
ही चौकट ज्यानं ओतली
त्यानं हात आखडता घेतला होता.
त्याला गाणं नको होतं.

"पोलादाची का नाही केली?"
तेव्हा ओतणं सोपं होतं, बाबा.
पोलाद मागून आलं,
हाडांच्या कोळशात भाजलेलं,
अंगावर निळे-तपकिरी ढग घेऊन.

तो ढगांकडे लक्ष देत नाही.
गुरुवारी नातवाचं लग्न आहे,
पुरुषांच्या नाचात ही रिकामीच हवेत उडेल,
झेलली जाईल. तेवढं सोसायला हवं.

मी तडा खरवडतो, चांदीचा डाक देतो.
"पॉलिश नको," तो दोनदा बजावतो.
अंगठ्याच्या जागी धातू खोलगट झालाय,
तीन पिढ्यांचा एकच अंगठा.

घंटेच्या वेळी गावच्या बायका
मुशीत सोन्याचा मणी टाकायला द्यायच्या,
कुणी नथीतला तुकडा.
आबा मूठ झाकून मुशीवर वाकायचे.
मूठ तिथे उघडायची का,
मी कधी विचारलं नाही.

कानशीखालचा पिवळा चुरा कागदात बांधून
मी हमूदला देतो.
"सोनं?"
"ठेवा जपून," मी म्हणतो.